प्रमाणित कॉबलर

कॅफेवाल्या बाई चार वाजता येणार होत्या, आणि अडीच वाजता निरीक्षकांनी बायकोचा कप जप्त केला.

जप्त म्हणजे अगदी रीतसर. कप पाण्याने काठोकाठ भरला, ते पाणी काट्यावर तोललं, आकडा वहीत लिहिला, मग कप कोरडा करून कागदी पाकिटात घातला आणि पाकिटाला चिकटपट्टी लावली.

"एकशे ब्याऐंशी," निरीक्षक म्हणाले. "प्रमाणित कप अडीचशेचा असतो. तू इतकी वर्षं अडुसष्ट मिलिलिटर कमी देत होतीस."

"कुणाला कमी देत होते? खाणारे तुम्हीच होता!"

"तो मुद्दा वेगळा."

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. दुकानदारांचे काटे, तेलवाल्यांची मापं, तळाला मेण लावलेली वजनं, सगळं त्यांनी पकडलं. आठ महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि अख्ख्या बाजाराने सुटकेचा श्वास टाकला. बायकोचा श्वास मात्र त्या दिवसापासून कोंडला. दूधवाल्याचा लिटर तपासून झाला, साबणाच्या वड्या तोलून झाल्या, टूथपेस्टची नळी कापून आतला ऐवज मोजून झाला. मग तपासण्यासारखं घरात एकच उरलं, आणि ते स्वयंपाकघरात उभं होतं.

"अहो, तो कप द्या इकडे. उशीर होतोय."

"उद्या त्यांनी विचारलं, मैदा किती घालता? काय सांगशील?"

"सव्वा कप."

"कुठला कप?"

"हा."

"हा कप त्यांच्याकडे आहे का?"

निरीक्षकांचं हेच वाईट होतं, त्यांचे प्रश्न बरोबर असत. चुकीचे प्रश्न विचारणाऱ्या नवऱ्याशी भांडता तरी येतं.

आठवड्याभरापूर्वी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे तिने तिचा फळांचा कॉबलर करून नेला होता. कॉबलर म्हणजे फार काही नाही. आलुबुखाराच्या फोडी साखर घालून खोलगट भांड्यात पसरायच्या, वर मैदा, लोणी आणि दुधाच्या पिठाचे ओबडधोबड गोळे ठेवायचे, आणि कडेने रस बुडबुडायला लागेपर्यंत भाजायचं. पाऊण तासाचं काम. त्या दिवशी शेजारणीकडे पाहुणी म्हणून आलेल्या बाईंचा कोपऱ्यावर कॅफे होता. त्यांनी दोनदा वाढून घेतला, आणि वाटी खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "रोज सकाळी नऊ ते एक आमच्याकडे येऊन हा कराल का? गुरुवारी चार वाजता घरी येते. एकदा गरम गरम खाऊन बघते, मग पक्कं करू."

तिने घरी येऊन हे नवऱ्याला अगदी सहज सांगितलं, पण सहज ते नव्हतं. घरातले सगळे फॉर्म निरीक्षक भरत. बँकेचा, विम्याचा, दवाखान्याचा. प्रत्येक फॉर्मवर तिच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात एकच शब्द असे, 'निरंक'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला हसू आलं होतं. त्यानंतर कधी आलं नाही. त्या रकान्यात काहीतरी लिहिलं जावं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी कॉबलर नीट होणं भाग होतं.

"मी मदत करतो," निरीक्षक म्हणाले, आणि इथून पुढचं सगळं त्या मदतीने झालं.

त्यांनी इंटरनेटवरून कृती उतरवून घेतली होती, ग्रॅममध्ये. निरोप समारंभाला सहकाऱ्यांनी दिलेला इलेक्ट्रॉनिक काटा ओट्याच्या मधोमध ठेवला. तिने एक आलुबुखार दाताखाली धरला आणि तोंड वाकडं केलं.

"आज फळ आंबट आहे. साखर जास्त लागेल."

"एकशे वीस ग्रॅम लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने हे फळ खाल्लं होतं का?"

"फळ आंबट आहे हे तू कशावरून ठरवलंस?"

"खाऊन!"

"त्याला पुरावा म्हणत नाहीत," निरीक्षक म्हणाले, आणि साखरेचा डबा त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतला. उरलेले सहा आलुबुखार पिशवीत घालून बाजूला ठेवले. "नमुना राखून ठेवावा लागतो. उद्या तक्रार आली तर?"

पीठ तिने कसंबसं स्वतः कालवलं. गार लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरलं, दुधाचा हबका मारला, आणि पिठाला नको तेवढा हात न लावता गोळे तोडायला घेतले. तेवढ्यात निरीक्षकांनी पहिला गोळा उचलून काट्यावर ठेवला.

"एकावन्न. आता दुसरा. अडतीस! अगं, एकाच भांड्यात एका माणसाला एकावन्न आणि दुसऱ्याला अडतीस? यावर मी लोकांना नोटिसा काढल्यात."

"राहू द्या हो. हात लावू नका, लोणी वितळतं. वितळलं की ते फुलत नाही, दगड होतो."

"पंचेचाळीस सगळे. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम वीस मिनिटं चाललं. एका गोळ्यातून चिमूट काढायची, दुसऱ्याला लावायची, पुन्हा तोलायचं. निरीक्षकांचा हात मूळचा उष्ण. बारा गोळे होईपर्यंत पिठाला तेल सुटलं आणि गोळे असे गुळगुळीत झाले की खेळायला काढावेत. पण वजन प्रत्येकाचं पंचेचाळीस. निरीक्षकांनी ते भांड्यात पट्टी लावून ओळीत मांडले. ती बाजूला उभी राहून बघत होती. स्वतःच्या स्वयंपाकघरात तिला उभं राहायला ओट्याचा एक कोपरा तेवढा उरला होता.

सव्वातीनला भांडं ओव्हनमध्ये गेलं. तिला वाटलं, सुटले. पण निरीक्षकांनी आत एक तापमापी ठेवली होती आणि समोर स्टूल टाकून ते वही घेऊन बसले. तीन मिनिटं झाली की दार उघडायचं, आकडा वाचायचा, लिहायचा, दार लावायचं.

"अहो, दार उघडू नका!"

"उघडल्याशिवाय तापमान कळणार कसं?"

"उघडलं की ते उरतच नाही!"

"बघ, मी म्हणत नव्हतो? एकशे ऐंशी हवं, एकशे बावन्न आहे. तुझा ओव्हन खोटा आहे." आणि त्यांनी बटण पुढे सरकवलं. तीन मिनिटांनी पुन्हा दार, पुन्हा आकडा, पुन्हा बटण. ओव्हन बिचारा एकीकडून तापत होता आणि दुसरीकडून निवत होता. वरची कांडी लालभडक झाली, गोळे वरून काळवंडले, आणि खाली फळं नुकती कुठे कोमट होत होती.

तिने एकदाच त्यांचा हात धरला. "अहो, हे माझं आहे. मला करू द्या. बिघडलं तर माझं बिघडू दे."

"म्हणूनच तर बघतोय, बिघडू नये म्हणून," निरीक्षक म्हणाले. ते अगदी मनापासून म्हणाले. हात झटकून टाकावा असा एखादा दुष्टपणा तरी माणसाने करावा, तेही नाही.

बरोबर चारला बेल वाजली.

कॅफेवाल्या बाई भरभर बोलणाऱ्या, हातात चाव्यांचा जुडगा, डोळे अर्धे घड्याळावर. खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी चमचा घेऊन पहिला गोळा तोडायचा प्रयत्न केला. गोळा भांड्यातून टुणकन उडाला आणि टेबलावरून घरंगळत निरीक्षकांपाशी गेला. दुसरा त्यांनी बोटांनी धरून फोडला. मग फळाची एक फोड तोंडात घातली आणि डोळे मिटून घेतले. आनंदाने मिटलेले डोळे वेगळे दिसतात.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. परक्या बाईसमोर नवऱ्याचं नाव कसं घेणार? ती म्हणाली, "आज जरा बिघडलाय. नेहमी असा होत नाही."

"नेहमी कसा होतो?"

"म्हणजे... चांगला होतो."

"नेहमीचं मी सांगू शकत नाही," निरीक्षकांनी तोंड घातलं. "पण आजची सगळी नोंद आहे." आणि त्यांनी वही बाईंपुढे सरकवली.

बाईंनी पहिलं पान वाचलं. मग दुसरं. चमचा खाली ठेवला आणि चष्मा लावला. बारा गोळ्यांची वजनं, तीन तीन मिनिटांचं तापमान, राखून ठेवलेल्या नमुन्याची नोंद, आणि शेवटी तारीख, वेळ, सही.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"काय करता आपण?"

"निवृत्त. वजनमापे निरीक्षक."

"अहो, मग इतके दिवस होता कुठे!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "माझ्या किचनमध्ये तिघीजणी आहेत. तिघींचा हात वेगळा. काल खाल्लं ते आज नाही, म्हणून गिऱ्हाईक रोज भांडतं. दोन वर्षं असा माणूस शोधतेय मी! सोमवारपासून येता? नऊ ते पाच?"

तिने विचारलं, "आणि चव?"

"चव काय हो, बसवता येते," बाई उठत म्हणाल्या. "शिस्त बसवता येत नाही. नशीबवान आहात हं तुम्ही! असा नवरा मिळायला भाग्य लागतं." दारातून त्यांनी वळून पाहिलं. "तुम्ही पण या कधी. कॉफी प्यायला."

बाई गेल्या. निरीक्षक बराच वेळ वहीवरून हात फिरवत बसले. ती जळकं भांडं घासत होती.

"अगं, शेवटी काम आपल्याच घरात आलं ना?"

"मला ते हवं होतं," ती म्हणाली. "मला फार वाईट वाटतंय."

"मग मी नाही म्हणून सांगू का त्यांना?"

हे विचारताना ते कपाटातून ऑफिसचा शर्ट काढून खांद्याला लावून बघत होते. ती भांडं घासत राहिली. निरीक्षकांनी तो होकार धरला.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा! दुसरं काय?" दोघी पोट धरधरून हसल्या. मग ती एकदम रडायला लागली आणि शेजारीण उठून चहा टाकायला गेली.

सोमवारपासून निरीक्षक नऊला जायला लागले. कॅफेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लागलं, 'घरगुती कॉबलर, रोज एकच चव'. चव खरोखरच रोज एकच होती. पहिल्या आठवड्यात लोकांनी वरचे गोळे बशीत ठेवले, दुसऱ्या आठवड्यात फळंही ठेवली, आणि तिसऱ्या आठवड्यात कॉबलर मागणंच सोडलं. निरीक्षक घरी ताकास तूर लागू देत नव्हते, पण त्यांना रात्रीचं जेवण जाईनासं झालं होतं.

चौथ्या रविवारी दुपारी ते वही आणि पेन्सिल घेऊन तिच्यासमोर येऊन बसले.

"अगं, तू ते... नक्की कसं करतेस?"

"का?"

"बाई म्हणाल्या, तुमच्या मिसेसना विचारा."

तिच्या हातातली भाजीची सुरी तशीच थांबली. "मला बोलावलंय?"

"छे छे, तुला कशाला त्रास? नुसतं विचारून या म्हणाल्या. आकडे मिळाले की तिघी करतील."

तिने हात पुसले आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ती सांगत होती आणि ते लिहून घेत होते.

"मैदा चारशे सत्त्याण्णव ग्रॅम," ती म्हणाली.

"इतका?"

"मग! लोणी तेवीस. साखर एकसष्ट. बेकिंग पावडर पाऊण ग्रॅम, त्याच्यावर एक कणही नाही. दूध मात्र उकळतं घालायचं. आणि पीठ चाळीस मिनिटं मळायचं, घड्याळ लावून."

आकडे तिच्या तोंडाला येतील तसे येत होते, आणि एकदा यायला लागल्यावर थांबत नव्हते. निरीक्षकांचा चेहरा उजळत चालला होता.

"इतकं नेमकं? आणि मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

निरीक्षकांनी पान दोनदा वाचलं, प्रत्येक आकड्याखाली रेघ मारली, आणि तळाशी सही करून नेहमीचा शेरा लिहिला, 'मापे तपासली, बरोबर आहेत.'