नमुना बालिका आणि अठ्ठेचाळीस यमकं

लहान मुलांचं भलं मोठ्या माणसांनाच कळतं, आणि माणसं जितकी जास्त तितकं ते भलं जास्त होतं, हे सर्वमान्य तत्त्व आहे. एका मुलाला अक्षर शिकवायला एक आई पुरते, हे खरं. पण एकट्या आईच्या हातून चूक होऊ शकते. तीच चूक नऊ जणांनी मिळून केली की तिला धोरण म्हणतात. या उदात्त विचारातूनच बाल अक्षरओळख मंडळाची स्थापना झाली.

मंडळाचं काम एकच: अगदी लहान मुलांसाठी यमकांचं आणि चित्रांचं अक्षरओळखीचं पुस्तक काढणं. गेल्या अकरा वर्षांत मंडळाने एकही चुकीचं पुस्तक काढलेलं नाही. (बरोबरही काढलेलं नाही. पण टीकाकारांना काय, जिभेला हाड नसतं.) मंडळाकडे दोन खोल्या आहेत. एकीत बैठका होतात आणि दुसरीत बैठकांची इतिवृत्तं राहतात. तिसऱ्या खोलीची मागणी आहे, कारण दुसरीचं दार आता उघडत नाही.

या मंडळात यमककाका एकतीस वर्षं नोकरीला होते. मंडळ अकरा वर्षांचं आणि नोकरी एकतीस वर्षांची कशी, हा प्रश्न लेखापरीक्षकांनीही विचारला होता. त्याचं उत्तर दुसऱ्या खोलीत आहे. त्यांचं अधिकृत पद यमक सहायक, श्रेणी दोन. श्रेणी एकचं पद रिकामं होतं, कारण त्यासाठीची परीक्षा घेणारा माणूस तीच परीक्षा पास झालेला असावा लागतो. एवढ्या वर्षांत यमककाकांचं प्रकाशित साहित्य म्हणजे जिन्यातली पाटी, ‘जिना ओला, हळू चाला’, आणि नळावरची पाटी, ‘नळ ठेवा बंद, सोडा वाईट छंद’. दुसरीची मागची अर्धी ओळ गळून पडली होती आणि लोक नुसतेच नळ बंद ठेवून अंघोळीविना हिंडत होते, अशी एक वदंता होती.

पण काकांच्या कप्प्यात अठ्ठेचाळीस यमकांची वही होती. एका अक्षराला एक. निवृत्तीला आठ आठवडे उरले होते, आणि त्याआधी ही वही पुस्तक होऊन हातात पडावी, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती. माणसाने इच्छा धरावी, त्याला बंदी नाही. त्यांनी वही मंडळापुढे ठेवली.

मंडळाने ती मोठ्या आस्थेने वाचली आणि आस्था असल्यामुळे प्रत्येक पानावर आक्षेप घेतला. काही नमुने:

‘क कपाचा, कपाला कान, हाक मारा, तो हलवेना मान.’ (वडीलधाऱ्यांनी हाक मारली असता ओ न देण्यास उत्तेजन.)

‘उ उंदराचा, उंदीर चोर, साबण खाऊन झाला थोर.’ (चौकशीपूर्वीच चोर ठरवले. शिवाय साबणाचं वजन नमूद नाही.)

‘ब बदकाचा, बदक ओलं, पुसायला गेलो तर पाण्यात गेलं.’ (बदक बेपत्ता. पुढील कार्यवाही काय?)

‘ह हत्तीचा, हत्ती लठ्ठ, बसला तिथेच बसला घट्ट.’ या यमकाशी आल्यावर सगळे अध्यक्षसाहेबांकडे बघू लागले. अध्यक्षसाहेब देहाने भारदस्त होते आणि बाराव्या वर्षासाठी त्याच खुर्चीवर मुदतवाढ मागत होते. त्यांनी काही आक्षेप घेतला नाही. फक्त चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. काकांनी जागच्या जागी दुरुस्ती केली: ‘ह हत्तीचा, हत्ती सुदृढ, व्यवस्थापनावर श्रद्धा दृढ.’ ती एकमताने मंजूर झाली.

सगळे आक्षेप निवारल्यावर शेवटची अट निघाली. पुस्तकाची चाचणी खऱ्याखुऱ्या मुलावर झाली पाहिजे. या मुलाला मंडळाच्या भाषेत ‘नमुना बालक’ म्हणतात. (मुलगी असल्यास ‘नमुना बालक, स्त्री’. पुढे शुद्धिपत्रक काढून ‘नमुना बालिका’ करण्यात आलं. त्याला चार महिने लागले, पण भाषा शुद्ध राहिली.) मूल शोधायला वेळ कुठला होता! काकांची नात पाच वर्षांची होती. घरात एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. काका तिला बोटाला धरून मंडळात घेऊन आले आणि नियम क्रमांक सातमध्ये अडकले.

नियम सात असा होता: ‘नमुना बालिका संपूर्ण निरक्षर असावी व चाचणी संपेपर्यंत तशीच राहावी. मध्येच अक्षरे येऊ लागल्यास नमुना बिघडला असे समजून नव्या बालिकेसह चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी.’

काकांनी नम्रपणे विचारलं, “पण साहेब, पुस्तक चांगलं असलं तर तिला अक्षरं येणारच की हो. आणि आली की नमुना बिघडला.”

“बरोबर,” अध्यक्षसाहेब म्हणाले.

“आणि नाहीच आली, तर पुस्तक वाईट ठरणार.”

“बरोबर. तुमचा नियमांचा अभ्यास चांगला आहे हो!”

काकांकडून शंभर टक्के निरक्षरता राखण्याचं हमीपत्र घेण्यात आलं, आणि घरातली छापील अक्षरं झाकण्यासाठी काळ्या चिकटपट्टीची सहा वेटोळी देण्यात आली. (पोच घेऊन.)

घरी अक्षरबंदी लागू झाली. साबणाचा कागद, औषधाच्या बाटल्या, घड्याळाची तबकडी, दारावरची पाटी, सगळ्यांवर काळी पट्टी. मीठ आणि साखर यांच्या डब्यांवरची नावं झाकली गेल्यामुळे तीन दिवस सगळ्यांनी खारट चहा प्यायला. चौथ्या दिवशी सवय झाली. वर्तमानपत्र काका न्हाणीघरात नेऊन वाचायचे आणि ओलं करून बाहेर आणायचे. भिंगरी विचारायची, “आजोबा, या पट्टीखाली काय आहे?” काका सांगायचे, “काही नाही गं, पट्टीच आहे.” पोरीचं समाधान व्हायचं नाही. काही नसलं तर मोठी माणसं झाकतात कशाला?

सूनबाई मात्र भडकल्या. भडकतील नाहीतर काय! शाळेत प्रवेशाची अट होती की त्या दिवशी मुलाला स्वतःचं नाव वाचता आलंच पाहिजे. (शाळा मग काय शिकवते, हे विचारणाऱ्या पालकांच्या मुलांना प्रवेश मिळत नाही.) आणि प्रवेश सात आठवड्यांवर आला होता.

“मामंजी, जगात लोक पोरांना शिकवायला जिवाचं रान करतात. आपल्याकडे आजोबा पट्ट्या चिकटवत हिंडतायत!”

“थोडे दिवस, सूनबाई. एकदा पुस्तक निघू दे.”

“कुणासाठी निघणार आहे ते पुस्तक?”

“मुलांसाठी.”

“मग आपली कोण आहे? मांजर?”

काका उठून न्हाणीघरात गेले. वर्तमानपत्र नसतानाच गेले, हे त्यांच्या आत गेल्यावर लक्षात आलं. दोन्हीकडून कात्रीत सापडला होता माणूस. एकीकडे आयुष्यभराची वही, दुसरीकडे आयुष्य सुरू व्हायचं आहे अशी नात. रात्रंदिवस मनाला खायचं, पण हमीपत्रावर सही होती. मग चूळ भरताना, बूट घालताना ते आपली यमकंच पुटपुटत बसायचे. ऐकायला कुणी नाही, या समजुतीने.

दर सोमवारी अकरा वाजता चाचणी व्हायची. भिंगरीला उंच खुर्चीवर बसवून एकेक चित्रपान दाखवायचं आणि नऊ सदस्यांनी तिच्याकडे टक लावून पाहायचं. अक्षर कोणतं, असं विचारलं की ती आधी आजोबांच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, “माहीत नाही.” सहा चाचण्यांचे निकाल असे:

अक्षरे ओळखली: शून्य. चित्रे ओळखली: अठ्ठेचाळीस. (पैकी हत्ती ओळखताना बालिकेने अध्यक्षांकडे बोट दाखवले. नोंद रद्द.) पाणी मागितले: एकवीस वेळा. खुर्चीवरून उतरली: मोजणी अपूर्ण.

मंडळ खूश होतं. इतका टिकाऊ नमुना आजवर मिळाला नव्हता. सातव्या सोमवारी, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या आदल्या दिवशी, निकालाची बैठक भरली. भिंगरी शेवटचं ‘माहीत नाही’ म्हणाली. अध्यक्षसाहेबांनी समाधानाने मान हलवली, टोपण काढलं आणि अहवालावर लिहायला सुरुवात केली. काका उभे होते. बसायला सांगितलं नव्हतं.

भिंगरी समोरच्या खुर्चीवर होती. कागद तिच्या बाजूने उलटा होता.

“य-म-के,” ती हळूच म्हणाली. “नि-रु-प-यो-गी.” आणि मग मोठ्याने, “आजोबा, निरुपयोगी म्हणजे काय?”

खोलीत टाचणी पडली असती तर तिचंही इतिवृत्त झालं असतं.

“तुला वाचता येतं?” काकांनी विचारलं.

“कधीपासूनच येतं. पट्ट्या निघतात ना, पाण्याने.” ती बोटं मोजायला लागली. “साबणावर पहिलं अक्षर स आहे. स सशाचा, ससा दमला, बूट घालून उशीवर झोपला. तुम्हीच म्हणता ना बूट घालताना? मग मी बघत बसायचे कुठलं यमक कुठल्या अक्षराचं.”

“अगं मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

भिंगरीने अध्यक्षांकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. “तुम्हीच आईला सांगत होता, हिला आलं तर माझं पुस्तक निघायचं नाही. म्हणून मला येत नव्हतं.”

काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर बैठकीत, नऊ जणांसमोर. एवढीशी पोर आणि एवढं ओझं सात आठवडे पोटात घेऊन बसली होती, आणि तेही त्यांच्यासाठी. त्यांनी तिला उचलून कडेवर घेतलं.

अध्यक्षसाहेब उभे राहिले. “नमुना बिघडला!”

“हो साहेब!” काका म्हणाले. “पार बिघडला! सहीनिशी लिहून देतो!” आणि खरोखरच दिलं. त्यांच्या नोकरीतलं हे एकमेव टिपण ज्यावर आक्षेप निघाला नाही.

घरी जायला वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी दोन तास लागले. भिंगरीने वाटेतली एकही पाटी सोडली नाही. चपला दुरुस्त करून मिळतील. येथे थुंकू नये. खोली भाड्याने देणे नाही, विचारू नये. ती विचारायला निघालीच होती, काकांनी ओढून आणलं. दारात सूनबाईंनी ऐकलं, आधी सासऱ्यांकडे रागाने पाहिलं, मग पोरीला पोटाशी धरलं आणि डब्यांवरच्या पट्ट्या फाडायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत भिंगरीने स्वतःचं नाव वाचलं, पुढच्या तीन मुलांचीही वाचली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावरचं एक गोपनीय पत्र अर्धं वाचल्यावर तिला तातडीने प्रवेश देण्यात आला.

आता प्रश्न पुस्तकाचा. काकांच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता, आणि मंडळाला नवा निरक्षर नमुना हवा होता. प्रदेशभर शोध घेतला. चार वर्षांवरची बहुतेक सगळी मुलं कुठे ना कुठे बिघडलेली निघाली. अखेर अध्यक्षसाहेबांनी नियम सातमधला ‘बालिका’ हा शब्दच काढून टाकला आणि संपूर्ण पुस्तक, अठ्ठेचाळीस पानं, अभिप्रायासाठी पालकांच्या फोनवर पाठवण्यात आलं. पाचव्या पानाच्या तळाशी काकांनी स्वतःच्या जबाबदारीवर एक ओळ घातली होती: ‘हे वाचले असल्यास कृपया अंगठा पाठवू नये.’

अकरा हजार दोनशे सहा घरांतून उत्तरं आली. सरासरी लागलेला वेळ चार सेकंद. उंच केलेला अंगठा: अकरा हजार एकशे नव्याण्णव. जोडलेले हात: पाच. वाढदिवसाच्या शुभेच्छा: एक. ‘पाचव्या पानावरचा मजकूर समजला’: एक. (ते सूनबाईंचं.)

अध्यक्षसाहेबांना गहिवरून आलं. समोर अक्षरं असताना नुसता अंगठा उठवणारी इतकी माणसं, तीही शिकलीसवरलेली, एका जागी मिळतील असं मंडळाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नियम सातची पूर्तता झाली. ‘निरक्षरांवरील चाचणी यशस्वी’ असा शेरा पडला आणि निवृत्तीच्या दिवशी दुपारी काकांच्या हातात पुस्तक आलं. हत्ती लठ्ठच छापला गेला होता. दुरुस्तीचा कागद कुणी वाचलाच नव्हता.

नमुना म्हणून निवडल्या गेलेल्या सर्व घरांची यादी मंडळाच्या दारावर ठळक अक्षरांत लावलेली आहे. आपलं नाव त्यात आहे का, हे पाहायला आपण येऊन गोंधळ घालाल, अशी मंडळाला मुळीच भीती वाटत नाही. यादी वाचावी लागते.