नावाची घाई

गुंजाळ सरांना बिननावाची वस्तू सहन होत नाही. त्यांची खोली भाड्यानं घ्यायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा डिपॉझिटचं राहिलं बाजूला, माझ्या हातातल्या बादलीकडे बोट करून म्हणाले, "हिचं नाव काय?"

मी गडचिरोलीकडचा, आठवीत शाळा सुटलेला, संगमनेरला डेअरीत दुधाच्या पिशव्या भरायला आलेला. बादलीला नाव असतं हे मला काय ठाऊक! घाबरून म्हणालो, "नाही जी."

"मग आजपासून गंगूबाई. घे तिला, ये आत."

सर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटेच. जगात कुठं नवा कण सापडल्याची बातमी आली, की अन्वरभाईच्या टपरीवर सगळ्यांना सरांकडून चहा.

"अरे, आपल्या अंगातला प्रोटॉन म्हंजी तिघांचं कुटुंब. तीन क्वार्क. आता चौघांचे, पाचांचेबी कण सापडले! नियमात मनाई कधीच न्हवती, दिसत तेवढे न्हवते. आता वाद असा, की ही पाच जणं एका चुलीवरची हायेत, का शेजारी-शेजारी दोन बिऱ्हाडं? ते कळलं, की दुनिया कशानं धरून ठेवलीय ते कळंल."

"पण पाहुणा राहिला किती दिवस, सर?" अन्वरभाई विचारायचे.

"दिवस? पापणी लवायच्या लई आधी गेला."

"मग बरं, जेवण वाचलं!"

टपरी हसायची. सर हसायचे नाहीत. "गेला तरी नाव पाह्यजे. हे शास्त्रज्ञ नुस्ती अक्षरं न् आकडे देतेत. मोटारसायकल हाय का ती?" मग सर स्वतःच नाव द्यायचे. चौघांच्या कणाला त्यांनी चौरंगी म्हटलं, पाचांच्या कणाला पंचमी.

माझी बायको सुनीता आठव्या महिन्यातच बाळंत झाली. आमचं माणूस जवळ एकही नाही. सरांनीच रिक्षा आणली, डॉक्टरांशी तेच बोलले. मुलगी झाली, वीतभर. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "श्वास नीट घेते का बघू. आत्ता काही सांगता येत नाही."

पेटीवर चिकटवलं होतं, 'सुनीताचं बाळ'. ते वाचून सर तापले. "हे काय नाव झालं? मारोती, नाव ठेव हिचं."

"सर, बारसं बाराव्या दिवशी असते."

"बारावा कुनी पाह्यलाय?"

मी घरी फोन लावला. तिकडून फोनवर आई, "बारशाआधी नाव नको घेऊ बाबू, दृष्ट लागते." इकडून सर, "आत्ता ठेव!" शेवटी सिस्टरनं आम्हाला बाहेर काढलं. "आजोबा, हा दवाखाना आहे."

"आजोबा न्हाई, घरमालक!" सर दारातून ओरडले.

वाद सुनीतानंच मिटवला. खाटेवरून म्हणाली, "इंद्रावती." आमच्याकडची नदी.

"लई मोठं नाव हाय," सर म्हणाले. "बरं झालं. पुरंल बरीच वर्षं." सिस्टरकडून पेटीवरचा कागद बदलून घेतला, मग काचेशी वाकून दटावलं, "इंद्रावतीबाई, श्वास घ्या."

तिनं घेतला. रोज थोडा जास्त. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या." मी डॉक्टरांच्या पाया पडलो, सिस्टरच्या पडलो, गडबडीत फरशी पुसणाऱ्या मामांच्याही पडलो.

पोरीला घेऊन बाहेर आलो. सर बाकावर बसले होते. मी तिला पुढं केलं, पण ते हात उचलेनात.

"तूच धर. मला सवय न्हाई." मग म्हणाले, "आमची एक दुपारभर हुती. आई म्हनली, बाराव्याला ठेवू नाव."

मी विचारलं, "मग मागून काय ठेवलंत, सर?"

"ठेवून बघतो अजून. एकबी बसत न्हाई," ते म्हणाले, आणि इंद्रावतीचा बाहेर आलेला पाय त्यांनी हळूच दुपट्यात घातला.