मर्लच्या छातीवरची मदत

घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मर्ल ड्रिस्कलला महिनाभर तोंडातून ब्रही काढायचा नाही, अशी तंबी दिली, आणि नेमका त्याच महिन्यात ओहायोतल्या जुन्या कॉम्प्युटरवेड्यांचा मेळावा आला.

"मुक्यानं तिथं जाऊन करणार काय तू?" त्याच्या बायकोनं, व्हर्नानं विचारलं. मर्लनं नुसतं तळघराकडे बोट दाखवलं.

तळघरात त्यानं तरुणपणी घेतलेला एक झेड-एटी प्रोसेसर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा मेंदू, पडून होता. मर्लनं त्याला मेमरीची चिप जोडली, लाल दिव्यांची पट्टी जोडली, केसासारख्या तारांचं जाळं विणलं आणि छातीवर लावायचा बोलका बिल्ला तयार केला. प्रोग्राम एकेक बाइट करून हातानं भरला. पट्टीवरून सरकणारा मजकूर मात्र त्यानं व्हर्नाला दाखवला नाही. तिनं ऑपरेशनपासून रोज त्याच्यासाठी सूप गाळलं होतं, त्याचे फोन घेतले होते, त्याच्या खुणा ओळखल्या होत्या. संसारात तिचे आभार मानायचे राहूनच गेले, हे मर्लला तोंड बंद झाल्यावर सुचलं होतं. मजकूर होता: "मदत केलीस, व्हर्ना. मी कधी बोललो नाही. मनापासून आभार."

मेळाव्याच्या दारात व्हर्ना म्हणाली, "तू हो पुढे, मी गाडीतून सँडविचचा डबा आणते." मर्लनं आत शिरता शिरता कोट काढला आणि बिल्ला चालू केला. कोटाच्या बाहीत एक तार अडकून निसटली, हे त्याला कळलं नाही. ती तार गेल्यावर प्रोसेसरला पुढची अक्षरं सापडेनात. तो बिचारा पहिल्याच शब्दाशी घुटमळत राहिला.

"मदत... मदत... मदत..."

गस पेलेग्रिनो हा दुसऱ्या गावचा दोस्त, वर्षातून एकदाच भेटणारा. त्यानं बिल्ला वाचला. "मर्ल! काय होतंय रे?"

मर्लनं मान हलवली आणि तो लिहून सांगावं म्हणून खिशातली पेन्सिल काढायला गेला. खिसा डाव्या बाजूला होता.

"छाती धरली यानं!" गस ओरडला. "खुर्ची आणा! नर्सला बोलवा कुणीतरी!"

दोघांनी मर्लला खुर्चीत कोंबलं. तो उठायला लागला, तशी आणखी दोघांनी त्याला दाबून धरलं. प्रथमोपचाराची नर्स डोरीन धावत आली. तिनं नाडी पाहिली. "नाडी तर चांगली आहे. काका, बोला बरं काहीतरी."

मर्लनं घशाकडे बोट दाखवलं.

"घास अडकलाय!" गस म्हणाला. डोरीन "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्यानं मर्लला मागून कवेत धरून उचललं आणि पोटाला असा काही हिसका दिला, की मर्लचे डोळे पांढरे झाले. गसचं मनगट बिल्ल्यावर आपटलं, निसटलेली तार जागेवर टेकली आणि पट्टी सरकायला लागली.

डबा घेऊन आलेली व्हर्ना गर्दीतून वाट काढत पुढे आली. "अहो, सोडा त्याला! डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय!" मग तिची नजर पट्टीवर गेली. सगळ्यांचीच गेली. मजकूर शेवटपर्यंत सरकला. गसनं मर्लला हळूच खाली ठेवलं आणि त्याची कॉलर नीट केली.

मर्लचे कान लाल झाले होते. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. त्याच्यासाठी जीव टाकून धावलेल्या त्या माणसांवर त्याला रागावताही येईना. त्यानं गसचा हात धरून दाबला.

व्हर्नानं डोळे पुसले आणि त्याच्या शेजारी बसली.

"वेड्या," ती म्हणाली, "आभार कसले मानतोस? लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता पहिल्यांदा मिळाली मला. त्या डॉक्टरांना विचारून बघू या का, आणखी एखादा महिना वाढवतात का ते?"