ताणलेले त्रिकोण

नंदनवन कॉलनीतल्या घरात मे महिन्याच्या दुपारी कूलर सुरू असला की जागं राहणं माणसाच्या हातात नसतं. गोपिकाबाईंच्या हातात मात्र कात्री होती आणि मांडीवर आईची जुनी लुगडी, म्हणून त्या अर्ध्याच झोपेत होत्या. त्यांच्या लेकीच्या, वैभवीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस उरले होते. बाळाची पहिली गोधडी आईकडची. ती आपल्या हातची असावी आणि पाण्यासारखी सपाट असावी, एवढाच त्यांचा हट्ट होता. कारण ती बघायला कामठीहून विहीणबाई, सिंधूताई, येणार होत्या, आणि त्यांनी आजवर कोणाच्याच शिवणीला चांगलं म्हटलेलं नव्हतं.

चौकोनांची गोधडी गोपिकाबाई डोळे मिटून शिवत. पण वैभवीला फोनवर त्रिकोणांची दिसली होती. "आई, मले अशीच पाह्यजे," ती म्हणाली होती. मग चौकोन तिरपे कापले, त्रिकोण जोडले, आणि प्रत्येकाचं टोक शिवणीत गडप झालं. शिवणीसाठी पाव इंच जास्त सोडायचं राहूनच गेलं होतं.

"काहून तोंड पाडून बसली वं?" त्यांचे यजमान रुपराव दारातून म्हणाले. "त्रिकोण म्हणजे तर आपला विषय हाय."

हे मात्र खरं होतं. रुपराव जमिनीचे मोजणीदार. वाकडंतिकडं वावर दिसलं की त्याचे त्रिकोण पाडायचे आणि एकेक मोजायचा, हेच त्यांनी चौतीस वर्षं केलं. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या, तरी रुपरावांची मोजणीची साखळी जमिनीवर पडली की सगळे चिडीचूप. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं. दोन वर्षं ते घरात पाहुण्यासारखे फिरत होते.

आता त्यांनी वही काढली. गोपिकाबाईंनी पाव इंच सोडून नवे त्रिकोण कापले. रुपरावांनी त्यांचा नकाशा काढला, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर टाकला आणि मागच्या खोलीत नेऊन मोजणी सुरू केली.

"सात नंबर मोठा हाय."

"काल तर बरोबर होता म्हणे."

"काल होता. आज मोठा हाय."

"रातभरात वाढला का मंग?"

"माप खोटं बोलत नाही, गोपिका."

एकाच चौकोनाचे दोन तुकडे, तरी सारखे का येत नाहीत? आधी संशय कात्रीवर गेला. तिला धार लावून आणली. मग, नवे त्रिकोण अजून शिवलेही नव्हते तरी, मशीनवर गेला. मशीनला तेल पाजलं. शेवटी टेपवर गेला, तर रुपराव उन्हात जाऊन नवा टेप घेऊन आले आणि सगळं पुन्हा मोजलं. मधले सोळा त्रिकोण महत्त्वाचे, म्हणून ते तीन-तीनदा मोजले. गोपिकाबाईंनी कंटाळून सगळं शिवून टाकलं आणि अंथरून पाहिलं, तर गोधडी मधोमध भाकरीसारखी फुगली. हाताने दाबली की फुगा डावीकडे सरके, डावीकडे दाबला की परत मध्ये.

त्या तिथेच आडव्या झाल्या. कूलरमधून वाळ्याचा वास येत होता. झोपेत आईचं हिरवं लुगडं दूरवर पसरत गेलं, त्याला धुरे फुटले, आणि त्या कडेकडेने अनवाणी चालत राहिल्या. चालता चालता धुरा लांबतच गेला. डोळे किलकिले केले, तर मागच्या खोलीत रुपराव उरलेला एक त्रिकोण मोजत होते. त्याचं एक टोक त्यांनी पायाच्या अंगठ्याखाली दाबलं होतं आणि दुसरं हाताने जोर लावून ओढलं होतं.

"अहो! हे काय करून राहिले?"

"मोजून राहिलो. साखळी ताणल्याबिगर माप खरं येत नाही. झोल पडते."

"पण हे तिरपं कापलेलं हाय! तिरपं कापड ताणलं का लांबते!"

"जमीन नाही लांबत."

"वावर नाही हे! माह्या आईचं लुगडं हाय!"

रुपरावांनी अंगठा उचलला. "म्हणजे मी जेवढं मोजलं, तेवढं बिघडलं," ते हळूच म्हणाले. गोपिकाबाईंना खूप रागवायचं होतं. पण दोन वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच सकाळी शीळ घालत उठला होता, हे त्यांना आठवलं. "उसवू आपण," त्या म्हणाल्या.

उसवायला दोरा ओढला, तेवढ्यात जावयाचा, ऋषिकेशचा फोन आला. "आई, वैभवीले धंतोलीच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर उद्या सकाळीच म्हणून राहिले. लवकर या."

उसवणं राहिलं. फुग्यासकट अस्तर लावलं, टाके घातले. रुपराव मुकाट्याने सुया ओवून देत होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नात आली ती रडतच. कडेवर घ्या, थोपटा, काही उपयोग नाही. सिंधूताईंनी गोधडी अंथरली आणि मधला फुगा तळहाताने दाबला. तो सरकला. त्यांनी पुन्हा दाबला.

"ईनबाई, हे मंधात काय हाय?"

गोपिकाबाई गोधडी ओढून घ्यायला पुढे सरकल्या. तेवढ्यात नर्सने गोधडी उलटी करून बाळ तिच्यावर ठेवलं. बाळ त्या खोलगट भागात अलगद उतरलं, एक जांभई दिली आणि झोपून गेलं. खोलीत एकदम शांतता झाली.

"मुद्दाम केलं हे?" सिंधूताईंनी विचारलं.

रुपरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. "हो," गोपिकाबाई घाईने म्हणाल्या.

सिंधूताईंनी बाळाच्या कडेने बोट फिरवून खोलगटपणा अजमावला. चांगलं म्हणाल्या नाहीतच. "पुढच्या महिन्यात आमच्या लेकीचं, अपेक्षाचं बाळंतपण हाय," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी बी एक करून द्या. पण खोली एवढीच पाह्यजे. कमी नाही का जास्त नाही."

आठवड्याने दुपारी गोपिकाबाई त्रिकोण कापून बसल्या. रुपराव हात मागे बांधून लांब उभे होते. आता कापडाला हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. गोपिकाबाईंनी पहिला त्रिकोण त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. ताणा."

रुपरावांचा चेहरा उजळला. त्यांनी अंगठ्याखाली टोक दाबलं आणि मग थांबले. "किती?"

"मागच्या वक्ती ताणले तेवढेच."

रुपरावांनी वही उघडली. सात नंबर, नऊ नंबर, सोळा नंबर, सगळ्यांची लांबी इंच-सुतापर्यंत लिहिलेली होती. त्यांनी पानं पुढे उलटली, मागे उलटली, आणि चष्मा काढून बायकोकडे पाहिलं.

"जोर किती लावला, थेच तेवढं मोजलं नाही वं."