भरल्या ताटावरून

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रोज दुपारी बारा वाजता पाट मांडला जातो. पाटापुढे स्टीलचं ताट, शेजारी पाण्याचं भांडं. मग लुंगी सावरत हिराजीनाना आतल्या खोलीच्या दाराशी जातात आणि अदबीने म्हणतात, "चला शेठ, जेवून घ्या." शेठ येतात. ताटाचा वास घेतात, नानांकडे तुच्छतेने बघतात आणि पाटाचा कोपरा कुरतडायला लागतात. शेठ म्हणजे नऊ महिन्यांचा कुत्रा आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेले दोन महिने या सोहळ्याला मला जातीने हजर राहावं लागतंय. मी पोळीचा पहिला घास मोडला की बेल वाजते. "सायब, जरा या. तुमाला बघून तरी खातो का बघू." मी पोस्टातून निवृत्त झालेला साधा कारकून; पण नानांच्या लेखी खुर्चीवर बसून पगार घेतलेला कुणीही सायबच.

नाना इथले, सुकापूरचेच. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. पार्किंगमध्ये भेटले की सांगतात, "तुमची स्कूटर बरोबर आमच्या खल्यात उभी हाय, सायब. हितं भात झोडायचो आमी." हे ते अशा सुरात सांगतात की मला उगाच स्कूटर हलवावीशी वाटते. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. म्हातारा एकटा पडला म्हणून भाचीने हे पिल्लू आणून दिलं. मामाला सोबत होईल म्हणाली. सोबत झाली ती आमच्या पायपुसण्याला.

कारण शेठ घरात जेवत नाहीत. नानांचं दार कायम उघडं. ताटातली कोंबडीची मान नाहीतर माशाचं डोकं उचलायचं, आमच्या दारात आणायचं, पायपुसण्यावर पसरून चघळायचं आणि चोथा तिथेच ठेवून जायचं. माझी बायको परवा म्हणाली, "या घरात एक तर मी राहीन, नाहीतर तो कुत्रा." मी म्हटलं, "अगं, तो या घरातला नाहीच." "मग हे त्याला सांगा," ती म्हणाली.

बायको होती तोवर नानांनी कधी गॅस पेटवला नव्हता. आता या कुत्र्यापायी ते तांदळाची भाकरी थापायला शिकले. ती सुकटीच्या कालवणात कुस्करून दिली, तर शेठ सुकट तेवढी वेचून काढतात आणि ती सोफ्याखाली नेऊन ठेवतात. उकडलेलं अंडं दिलं तर आज पिवळं खाऊन पांढरं टाकतील, उद्या पांढरं खाऊन पिवळं. दुकानातल्या महागड्या गोळ्यांवर तर त्यांनी सरळ तंगडी वर केली. पण हेच शेठ इमारतीखाली गेले की त्यांना काहीही चालतं. बकरीच्या लेंड्या, साबणाची वडी, कुणाच्या तरी तान्ह्या बाळाचं डायपर, माझा डावा मोजा. मग वर यायचं, ते सगळं ओकायचं, आणि ओकलेलं परत खायचं. ते मात्र चाटूनपुसून.

"बघा, वाया नाय घालवत," नाना कौतुकाने म्हणाले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी स्पष्ट सांगितलं, की तुम्ही लाडावून ठेवलाय त्याला. नानांचं मत वेगळं होतं. दृष्ट लागली. मग त्यांनी मिरच्या ओवाळून टाकल्या. सगळा मजला खोकून बेजार झाला, शेठ सोडून. मिरच्यांच्या धुरात शेठनी माझ्या चपलेचा अंगठा खाल्ला.

शेवटी त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या आणि नानांची झोप उडाली. मी स्कूटर काढली, नाना कुत्र्याला मांडीवर घेऊन मागे बसले आणि आम्ही नवीन पनवेलला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी वजन केलं. मागच्यापेक्षा दीड किलो कमी. "असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल," त्या म्हणाल्या. "बाकी आजार काही नाही, नुसते नखरे आहेत. दोन वेळा ताट ठेवा. पंधरा मिनिटांत खाल्लं तर ठीक, नाहीतर उचलून घ्या. मधे काही द्यायचं नाही."

"उचलायचं म्हंजे? त्याच्या पुढ्यातलं?"

"हो."

"भरलेलं?"

"हो, आजोबा. भूक लागली की आपोआप खाईल."

नाना पुढचं काही न ऐकता बाहेर जाऊन उभे राहिले. परतताना माझ्या कानाशी म्हणाले, "भरल्या ताटावरून कुनाला उठवायचं नाय, सायब. पाप हाय ते."

"नाना, तो कुत्रा आहे."

"म्हनून काय झालं? मग आसं करा, तुमी उचला. तुमाला सवय हाय. वेल झाली का खिडकी बंद."

पोस्टातल्या माझ्या चौतीस वर्षांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून दुपारी सव्वाबारा आणि रात्री सव्वाआठ, मी ताट उचलायला लागलो. नाना तोंड फिरवून गॅलरीत उभे. कुत्रा माझ्यावर गुरगुरतो, मी ताट घेऊन मागे सरकतो, आणि घरी माझी आमटी गार होते. पाच दिवस झाले, तरी शेठ ताटाला तोंड लावेनात. डॉक्टरीणबाईंचं शास्त्र खोटं की काय, असं वाटायला लागलं.

शनिवारी दुपारी मी पार्किंगमध्ये स्कूटर पुसायला गेलो, तर खांबाआड नाना. शर्टाच्या खिशातून भाजलेला सुका बोंबील काढून शेठला भरवत होते.

"एवढासाच तुकडा, सायब," नाना म्हणाले.

माझा संताप झाला. "अहो, मी तिकडे कुत्र्याचे शिव्याशाप खातोय आणि तुम्ही इकडे बोंबील चारताय? मरेल तो अशाने! एक ताट उचलवत नाही तुम्हाला?"

नाना माझ्या स्कूटरला टेकले. "एकदा वढलंय," म्हणाले. "पोराचं."

दोन वर्षं समोर राहतोय, यांना मुलगा आहे हे मला ठाऊक नव्हतं. "कुठे असतो?"

"कोनला."

कोन गाव! इथून वीस मिनिटांचा रस्ता.

"नऊ वर्सं झाली. जेवता जेवता बोलला, बाबा, ही जमीन इकून टाकू. माजं डोस्कं फिरलं. त्याच्या पुढचं ताट वढलं मी. कालवन त्याच्या पायावर सांडलं. उठला नि गेला. आय मेली तवा आला, पन माज्या घरचं पानी नाय पिला." मग त्यांनी इमारतीकडे हात केला. "नि जमीन शेवटी मीच इकली. ही बघा."

मला वाईट वाटलं, आणि रागही जाईना. शेवटी म्हटलं, "उद्या ताट तुम्ही उचलायचं. मी फक्त बसेन. आणि खिसे रिकामे पाहिजेत."

रविवारी पाट मांडला. भाकरी, सुकटीचं कालवण. शेठनी वास घेऊन मान फिरवली. सव्वाबारा झाले तसा मी नानांकडे बघितलं. उचलताना त्यांच्या हातून ताट भांड्यावर आपटलं. मागे न बघता ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याकडे तोंड करून उभे राहिले.

शेठ बसून राहिले. मग उठले. फरशीवर नखं वाजवत स्वयंपाकघरात गेले आणि पुढचे दोन्ही पाय नानांच्या लुंगीवर टेकून उभे राहिले. नानांनी ताट तिथेच खाली ठेवलं. कुत्रा जो तुटून पडला! मचमच करत, ठसकत, अर्धं जमिनीवर सांडून ते परत चाटत, इतकं किळसवाणं खाणं मी जन्मात बघितलं नव्हतं आणि मला इतका आनंदही कधी झाला नव्हता.

"बघा! नुसती भूक लागायची होती!" मी ओरडलो.

नाना खाली बसले होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "मागं आला, सायब."

"येणारच. ताट तुमच्याकडे होतं."

"तसं नाय." त्यांनी लुंगीने तोंड पुसलं. "पोरगा उठला तवा मी नाय गेलो मागं. दारापावत पन नाय गेलो."

मग आत जाऊन त्यांनी धुतलेला शर्ट घातला. "स्कूटर काढता का?"

भर दुपारी आम्ही कोनला पोहोचलो. मुलाचं घर नानांना बरोबर ठाऊक होतं. दार उघडं होतं, आतून तळलेल्या मासळीचा वास आणि भांड्यांचा आवाज येत होता. नाना उतरले, दाराजवळ गेले आणि थांबले.

"जा ना आत," मी म्हटलं.

"जेवतोय तो," नाना हळूच म्हणाले. "जेवू दे आधी."

तसे आम्ही उन्हात उभे राहिलो. आत पाट सरकल्याचा आवाज झाला, मोरीत नळ सुटला. तेव्हा नानांनी चपला काढल्या आणि मुलाला नावाने हाक मारली. ती इतकी बारीक होती की मलाच नीट ऐकू आली नाही. मग त्यांनी पुन्हा मारली.