टीव्हीला लागलेली लाग

माणसाने पोटच्या मुलीकडून खुशाल हरावं, पण हरण्याचं कारण शोधू नये. मी शोधलं, तिथेच फसलो.

त्या वर्षी कापूस इतका कमी आला की वणीच्या ज्या जिनिंगमध्ये मी कारकून आहे, तिथे आम्ही दिवसभर एकमेकांची तोंडं बघायचो आणि उन्हं उतरायच्या आत घरी यायचो. घरी साकेतने, म्हणजे माझ्या मेव्हण्याने, माझ्या लेकीसाठी, ऋचासाठी, पुण्याहून पाठवलेला गेमचा डबा होता. टीव्हीला जोडला की फुटबॉल सुरू. रोज एक सामना, आणि हरेल त्याने रात्रीची भांडी घासायची, असं ठरलं. (ठरवलं मीच. म्हटलं, नववीतली पोरगी, काय खेळणार!) दिवाळीपासून माझ्या हाताचा साबणाचा वास जात नव्हता.

शेवटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधलं तेव्हा कळलं, दोष माझा नाहीच! मोठा टीव्ही चित्र नटवण्याच्या नादात ते जरा उशिरा दाखवतो. त्याला लॅग म्हणतात. मॉनिटर नटवत नाही, जे आहे ते लगेच दाखवतो. प्रमोशन मिळाल्यावरही मला इतका आनंद झाला नसता (अंदाजाने सांगतो, प्रमोशन अजून व्हायचंय).

घरी येऊन दारातूनच बायकोला ओरडून सांगितलं, "सुहासिनी, आपल्या टीव्हीले लॅग हाये!"

आत दूध घालायला तांड्यावरच्या रुपीबाई आल्या होत्या. त्यांच्या हातातलं माप थांबलं आणि तोंडून बंजारा बोलीतली 'आई गं' निघाली.

"याडी! टीव्हीले लाग?"

"हो ना. आणला तवापासून."

"मंग इतके दिस गप काहून बसले साहेब? कोनी वाईट पाह्यलं असन."

"सारेच पाह्यतात. शेजारचे घनश्यामराव तर रोज येऊन पाह्यतात."

"बस! समजलं मले. उद्या येऊन बघतो मी."

(आमच्याकडे लाग म्हणजे दृष्ट, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. मला वाटलं, बाई एखादा मेकॅनिक आणतील.)

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या मालकांना, सेठजींना, विचारून ऑफिसचा मॉनिटर टॉवेलात गुंडाळून घरी आणला आणि स्टुलावर मांडला. त्याला आवाजच नव्हता आणि खेळाडू मुंग्यांएवढे. मी इतका जवळ सरकलो की सुहासिनी म्हणाली, "अहो, गोल मारून राह्यले का पापी घेऊन राह्यले?"

मी हरलो. टीव्हीवर ऋचाचे गोल निदान उशिरा दिसायचे, इथे ताबडतोब दिसले.

एवढ्यात रुपीबाई मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन हजर. टीव्हीवरून सगळं ओवाळलं, आमचा पोळ्यांचा तवा गॅसवर तापवला आणि त्यावर ओतलं. घरभर असा धूर झाला की आम्ही खोकून खोकून वाकलो.

"टीव्हीले काईच नाही," रुपीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "लाग असती तर ठसकाच आला नसता." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "साहेब, तुमीच बसा पाटावर."

खरं सांगतो, मला आशा वाटली. टीव्ही नाही, मॉनिटर नाही, निदान दृष्ट तरी निघावी! ऋचापुढे बापाची थोडी तरी इज्जत राहावी. मिरच्या माझ्यावरून उतरल्या, तव्यावर पडल्या. मी श्वास रोखून देवाचा धावा केला, की आज कुणाला ठसका लागू देऊ नको.

ऋचा खोकली. सुहासिनी खोकली. भिंतीपलीकडून घनश्यामरावही खोकले.

"साहेबालेबी काही लागलं नाही," रुपीबाई हळहळल्या.

"मंग असं काहून होते?" मी रडवेला होऊन विचारलं.

"रुपीबाईले कायले विचारता?" सुहासिनी पदरात खोकत म्हणाली. "लग्नापासून असेच हायेत तुमी."

मी भांड्यांकडे वळलो. त्या दिवशी भांड्यांत मिरच्या करपून काळा झालेला तवाही होता.