पायांना सुट्टी

जावईबापूंनी त्या रविवारी सासुरवाडीला जेवताना तोंड फक्त घास घेण्यापुरतं उघडलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण घास गिळून झाल्यावरही त्यांनी ते उघडंच ठेवलं आणि म्हणाले, "चौथा माणूस हवाय ना? मग मी आहे की."

टेबलाखालून बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता. सासूबाईंचा हात ताटातच थांबला. मेहुण्याने पाणी पिता पिता ठसका लावून घेतला. सासरेबुवा काळ्या चष्म्याआडून जावयाच्या दिशेने बघत राहिले.

मामला असा होता. सासूबाई शाळेत मुलींना पोहायला शिकवून निवृत्त झालेल्या. सासरे, मेहुणा, बायको सगळेच पट्टीचे पोहणारे. त्या घरात मुलं रांगायच्या आधी पोहतात असा जावईबापूंना लग्नापासून संशय होता. गावच्या जलतरण तलावावर दरवर्षी स्पर्धा व्हायच्या आणि शेवटी कुटुंबांची रिले असायची. एका घरातली चार माणसं, प्रत्येकाची एक फेरी, म्हणजे समोरच्या भिंतीला हात लावून परत. जिंकणाऱ्या घराला फिरती ढाल. सलग तीन वर्षं जिंकलं की ढाल फिरायची थांबते आणि कायमची घरी राहते. सासरच्यांनी ती दोन वर्षं आणली होती. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर सासरेबुवांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की यंदा पाण्यात उतरायचं नाही.

आणि जावईबापू कोण? तर सरकारी लिफ्ट तपासनीस. दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासायच्या आणि स्वतः जिन्याने पळत चढायचं. कारण ते धावपटू होते. रोज पहाटे उठून धावायचे आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलायचे. घरातली एक अख्खी भिंत पदकांनी भरली होती. (ही पदकं शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मिळतात, हे बायकोने माहेरी कधी सांगितलं नव्हतं. संसार असाच निभावतो.)

"पण पोहता येतं ना तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

जावईबापू म्हणाले की बुडत तर नाही, आणि बाकी त्यात शिकायचं काय असतं? दम तोच, पाय तेच, रस्ता तेवढा ओला. सासूबाईंनी यावर काही न बोलता त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर बोलावलं. अनुभवी शिक्षक वर्गात असं कमीच बोलतात.

तलावावर पहिल्याच दिवशी कळलं की बुडत नाही हेही खरं नव्हतं. धावून धावून जावईबापूंच्या अंगावर चरबी अशी उरलीच नव्हती, आणि पाण्यावर तरंगायला ती थोडी लागते. त्यांनी अंग सोडलं की आधी पाय खाली जायचे, मग कंबर, मग चेहऱ्यावरचा आत्मविश्वास. सासूबाईंनी त्यांच्या हातात फळी दिली आणि सांगितलं की ही धरा, हात लांब करा, नुसते पाय मारा आणि समोर या.

पाय मारायचे म्हटल्यावर जावईबापूंना स्फुरण चढलं. त्यांनी पाण्याचा असा काही फेस काढला की शेजारच्या लेनमधल्या बायका कडेला सरकल्या. पाण्यात चालण्याचा व्यायाम करणारे एक आजोबा त्यांना सावकाश ओलांडून गेले. जावईबापूंनी जोर वाढवला. आजोबा आणखी लांब गेले.

"जावईबापू, निघालात कुठे?" काठावरून सासूबाईंचा आवाज आला.

"समोर," जावईबापू तोंडातलं पाणी थुंकत म्हणाले.

"मग पाठ कुठे टेकली ते बघा."

जावईबापूंनी मान वळवली. ज्या भिंतीपासून निघाले होते तिलाच त्यांची पाठ टेकली होती. फळी पुढे, तोंड पुढे, इच्छा पुढे, आणि माणूस मागे. सासूबाईंनी आयुष्यात हजारो मुली पाण्यात उतरवल्या होत्या, पण पाय मारून उलटं जाणारं माणूस त्यांनी प्रथमच पाहिलं होतं. त्यांनी जावईबापूंना काठावर बसवून दोन्ही घोटे हाताने फिरवून पाहिले आणि निदान केलं. धावणाऱ्याचे घोटे आखडलेले. पोहणाऱ्याचं पाऊल मागे सरळ लांब होतं. यांचं काटकोनात उभंच राहतं आणि पाणी मागे ढकलायच्या ऐवजी ओढून घेतं. थोडक्यात, जितका जोर जास्त तितकी पिछेहाट मोठी.

हे सगळं त्यांनी शाळेतल्या आवाजात सांगितलं. शाळेतला आवाज म्हणजे पलीकडच्या तिकीट खिडकीपर्यंत पोचणारा. ज्या पायांची कौतुकं सांगून जावईबापूंनी पाहुण्यांना जेवणं नकोशी केली होती, त्या पायांची ही शोभा. ते तडक कपडे बदलायच्या खोलीत गेले. सासूबाईंना काय सांगायचं ते त्यांनी ठरवूनही टाकलं. ऑफिसात कामाचा भार वाढलाय, एकाच वेळी शहरातल्या बऱ्याच लिफ्ट बिघडल्या आहेत, वगैरे.

तिथे बाकावर सासरेबुवा टॉवेल घेऊन बसले होते. हे गृहस्थ मोजकं बोलणारे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावयाशी त्यांचं बोलणं 'या' आणि 'निघालात का' याच्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं.

"मला नीट दिसलं नाही," ते म्हणाले. "पण पाणी फार आपटत होतात, ते ऐकलं."

जावईबापू टॉवेलमध्ये तोंड खुपसून उभे राहिले.

"डॉक्टर म्हणतात पुढच्या वर्षी बघू," सासरेबुवा सावकाश म्हणाले. "माझ्या वयाच्या माणसाला पुढच्या वर्षीचा वायदा देतात, तेव्हा त्याला काय ते कळतं. पुन्हा पाण्यात उतरेन असं मला वाटत नाही. पण ती ढाल घरात राहिलेली मला बघायची आहे, जावईबापू. आमच्यापैकी कुणीतरी आणलेली."

आमच्यापैकी. जावईबापूंनी टॉवेलने डोळे पुसले. (तलावातलं पाणीही बरंच गेलं होतं, पण ते वेगळं.) बिघडलेल्या लिफ्टचा विषय त्यांनी काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आल्या. त्यांनी जावईबापूंचे दोन्ही घोटे एकत्र करून ट्यूबने घट्ट आवळले आणि गाठ मारली. म्हणाल्या, "आजपासून पायांना सुट्टी. तुमचे पाय आहेत हेच विसरून जा. हात आणि श्वास, एवढंच तुमचं भांडवल."

धावपटूला पाय विसरायला सांगणं म्हणजे काय असतं, हे ज्याचं त्यालाच कळेल. सुरुवातीचे दिवस तर वाईटच गेले. हात फिरवताना जावईबापू डावीकडे वळायचे आणि लेनच्या दोरीला जाऊन मिठी मारायचे. श्वास घ्यायचा तेव्हा पाणी आणि सोडायचा तेव्हा शिव्या, असा क्रम बसला होता. पण सासूबाई काठाकाठाने चालत मोजून हात मारायला लावायच्या आणि हळूहळू एक गंमत झाली. इतकी वर्षं पहाटे उठून कमावलेला दम पाण्यातही होताच. इतरांना जिथे धाप लागायची तिथे जावईबापूंचं नुकतं सुरू व्हायचं. बांधलेले पाय एखाद्या गाठोड्यासारखे मागून गुपचूप येऊ लागले. एके सकाळी ते समोरच्या भिंतीला पोचले, वळले आणि परत आले, आणि पाण्यात चालणाऱ्या आजोबांना त्यांनी मागे टाकलं. आजोबांनी थांबून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी जावईबापूंना इतका आनंद झाला की घरी गेल्यावर त्यांनी बायकोला ती गोष्ट जेवणाआधी, जेवताना आणि जेवण झाल्यावर सांगितली.

मग सरावाचा नाद लागला. झोपेत त्यांचा हात फिरायचा. बायको उशी घेऊन पलंगाच्या कडेला झोपू लागली. ऑफिसच्या कामातही वेळ वाया जाऊ नये म्हणून ते बंद लिफ्टमध्ये एकटे असताना सराव करायचे. एका मोठ्या इमारतीत ते कमरेत वाकून, एक हात पुढे फेकून, मान वळवून तोंड वासून श्वास घेत होते आणि नेमकं त्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर बरीच माणसं उभी होती. त्यातल्या एका बाईंनी घाबरत विचारलं, "लिफ्ट ठीक आहे ना?" तोंड तसंच वाकडं ठेवून जावईबापू म्हणाले, "उत्तम आहे." सगळी माणसं जिन्याने गेली.

स्पर्धेच्या दिवशी तलावाच्या चारी बाजू गच्च भरल्या होत्या. मंडपात प्रमुख पाहुणे म्हणून कोणी बडे निवृत्त अधिकारी बसले होते आणि त्यांच्यासमोरच्या टेबलावर ढाल. शेजारच्या लेनमध्ये दातांच्या डॉक्टरांचं कुटुंब होतं. गेली दोन्ही वर्षं ते दुसरे आले होते आणि यंदा त्यांनी फार मनावर घेतलं होतं. डॉक्टर स्वतः शेवटची फेरी पोहणार होते. जावईबापूही शेवटचेच.

स्पर्धेत पाय बांधायला परवानगी नव्हती. सासूबाईंनी ट्यूब सोडली आणि त्या घोट्यांकडे बघत जावयाला म्हणाल्या, "हे हलले, तर घरी येऊ नका."

आता अडचण एकच होती. जावईबापूंना सूर मारता येत नव्हता. मारला की पोट आधी पोचायचं. ज्याला सूर जमत नाही त्याने पाण्यातूनच निघावं, अशी सवलत तलावावर होती. पण शिडी होती दुसऱ्या टोकाला, आणि भीतीने जावईबापूंचे गुडघे असे लटपटत होते की काठावर उभं राहणंच कठीण. शेवटी आपापली फेरी आटोपून आलेल्या सासूबाईंनी आणि मेहुण्याने त्यांना दोन्ही बगलांत हात घालून उचललं आणि अलगद पाण्यात सोडलं. लोकांमध्ये एकदम शांतता पसरली. जावईबापूंना वाटलं, दबदबा.

बायको चांगली आघाडी घेऊन आली. तिचा हात भिंतीला लागला आणि जावईबापू निघाले. मागून डॉक्टरांनी सूर मारल्याचा आवाज आला. जाताना आघाडी टिकली. समोरच्या भिंतीवर वळताना जावईबापूंनी श्वासाला मान फिरवली, तर डॉक्टरांचा पोहण्याचा चष्मा अगदी शेजारी. दोघं बरोबरीने परत निघाले. जावईबापूंच्या पायांना राहवेना. आयुष्यभर अशा वेळी त्यांनीच तर काम केलं होतं. उजवा पाय एकदा फडफडला, आणि तेवढ्यातच डॉक्टर हातभर पुढे गेले.

"पाय सोडा," काठावरून कुणीतरी ओरडलं. आयुष्यात कधी आवाज न चढवलेले सासरेबुवा बाकावरून उठून, काळा चष्मा सावरत, लेनच्या कडेने चालत ओरडत होते, "पायांचं विसरा, जावईबापू. नुसते हात."

जावईबापूंनी पाय एकमेकांना चिकटवले आणि होतं नव्हतं ते सगळं हातांत ओतलं. दम संपला असं वाटल्यावर त्यांनी आत आणखी चाचपलं, आणि तो होता. सगळ्या पहाटा तिथे जमा होत्या. लोक आता उभे राहून ओरडत होते. शेवटच्या टप्प्यात डॉक्टरांना धाप लागली, जावईबापूंना लागली नाही, आणि त्यांचा हात डॉक्टरांच्या हाताच्या आधी भिंतीला लागला.

ढाल आता घरची झाली होती. कायमची. बायको काठावर बसून त्यांच्या ओल्या डोक्याला मिठी मारून रडत होती. मेहुणा नाचत होता. सासरेबुवा खाली वाकून म्हणाले, "शाबास, बाळ." तीस शर्यती धावून जावईबापूंना जे वाटलं नव्हतं ते त्या एका शब्दाने वाटलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

फक्त बाहेर यायची पंचाईत झाली. पाय इतका वेळ आवळून धरल्यामुळे दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते आणि पाऊल टेकववत नव्हतं. पुन्हा सासूबाई आणि मेहुण्याने त्यांना उचलून काढलं. तेवढ्यात स्वयंसेवक खुर्ची घेऊन धावत आले, जावईबापूंना तिच्यात बसवलं, पायांवर टॉवेल पांघरला आणि खुर्चीसकट उचलून मंडपात नेलं. सगळा तलाव उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. दातांच्या डॉक्टरांनी तर येऊन वाकून नमस्कार केला. आपण जिंकलो खरे, पण इतकं चांगलं पोहलो असू असं जावईबापूंना वाटलं नव्हतं.

प्रमुख पाहुणे माइकजवळ गेले.

"नियतीने या माणसाचे पाय हिरावून घेतले," ते म्हणाले, "पण..."

जावईबापूंनी मागे वळून पाहिलं, नियतीने कुणाचे पाय हिरावले ते बघायला. मागे कोणी नव्हतं. सगळ्यांचे डोळे टॉवेलवर होते. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईघाईने माइक ओढून घेतला.

"साहेब, गैरसमज होतोय. माझे पाय ठणठणीत आहेत. मी रोज पहाटे धावतो."

प्रमुख पाहुण्यांनी खिशातून रुमाल काढला.

"ऐकलंत?" ते लोकांकडे वळून भरल्या आवाजात म्हणाले. "म्हणे, रोज पहाटे धावतो. याला म्हणतात जिद्द."

टाळ्यांचा पहिल्यापेक्षा मोठा कडकडाट झाला. आता पुरावाच द्यायचा म्हणून जावईबापू टॉवेल फेकून ताडकन उभे राहिले. दोन्ही पोटऱ्यांनी एकदम दगा दिला आणि ते पुन्हा खुर्चीत कोसळले. लोकांना ते बघवेना. एक बाई हुंदका देऊन बाहेर गेल्या.

सासूबाईंनी पुढे होऊन टॉवेल उचलला, त्यांच्या पायांवर नीट घातला आणि कानाशी वाकल्या.

"बसा गुपचूप," त्या म्हणाल्या. "पळून कधी मिळाल्या होत्या एवढ्या टाळ्या?"

जावईबापूंनी क्षणभर आठवून पाहिलं, आणि पायांवरचा टॉवेल स्वतःच नीट खोचून घेतला.